अरविंद गुप्तांची खेळणी, दहावीच्या वर्गात

दहावीला विद्युत मोटर शिकवताना फळ्यावर आकृती काढायची, भागांना नावे द्यायची आणि मुलांनी ती वहीत उतरवायची, हा माझा अनेक वर्षांचा क्रम होता. यंदा तो मोडून अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची साधी मोटर आमच्या सदाशिव पेठेतील शाळेत चार शनिवार मुलांकडून करून घेतली. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यात ट्रक बनवणाऱ्या टेल्को कंपनीत नोकरी करत असताना १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून त्यांची खेळणी जन्माला आली. पुढे पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावरील चित्रफिती व पुस्तके मराठीसह अनेक भाषांत आहेत, आणि ती सर्व विनामूल्य आहेत.

मोटरीला लागते काय? दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर आणि लाखेचा मुलामा असलेली तांब्याची तार. तार पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळाली. दहा गटांचे सामान ५०० रुपयांच्या आत आले, त्यामुळे एखादे वेटोळे बिघडले तरी कोणाच्या जिवाला घोर लागत नव्हता. मला हा या खेळण्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. गेल्या वर्षी एका दुकानातून मोटरीचा तयार संच आणला होता. त्यात भाग कापलेले, छिद्रे पाडलेली, प्रत्येक पायरीचे चित्र दिलेले. अर्ध्या तासात सगळ्या मोटरी फिरल्या आणि एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही.

यंदा मात्र एका गटाची मोटर फिरेचना. तारेच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा, ही या मोटरीची खरी मेख आहे. त्या गटातील मुलीने दोन्ही टोके लखलखीत खरवडली होती, त्यामुळे वेटोळे थोडे वळून परत मागे येई आणि नुसते डुलत राही. चूक सांगायला मी तोंड उघडले होते, पण आवरले. ती बराच वेळ वेटोळे बोटाने सावकाश फिरवून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "बाई, अर्ध्या फेरीनंतर चुंबक याला उलटं ढकलतोय. तेवढा वेळ वीज बंद ठेवता आली तर?" तोवर तार संपली होती. पुढच्या शनिवारी ती घरून नेलपॉलिश घेऊन आली, एका टोकाच्या अर्ध्या भागावर तिने त्याचा पातळ थर दिला, तो वाळेपर्यंत धीर धरला, आणि वेटोळे भिरभिर फिरू लागले.

हा उपाय कोणत्याही चित्रफितीत मी पाहिलेला नव्हता. त्यानंतर पुस्तकातला कम्युटेटर, म्हणजे दर अर्ध्या फेरीनंतर वेटोळ्यातील विजेची दिशा उलटवणारा भाग, शिकवताना मला फार बोलावे लागले नाही, कारण त्याची गरज वर्गाला आधीच भासली होती. दुसऱ्या एका गटाने वेटोळ्याचे वळसे वाढवून पाहिले, कोणी दोन चुंबके लावली.

अडचणीही आहेत. संकेतस्थळावरील खेळणी विषयवार आहेत, इयत्तेप्रमाणे नाहीत. त्यातून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना झेपेल आणि बालिशही वाटणार नाही असे निवडायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. काड्यापेटीच्या काड्या जोडून भौमितिक आकार करण्यासाठी लागणारी व्हॉल्व्ह ट्यूब (सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी) शोधायला मला चार सायकल दुकाने पालथी घालावी लागली. मोटरीचे वेटोळे अडकून स्थिर राहिले तर सेल चांगलाच तापतो, म्हणून ते लगेच काढायला मुलांना बजावावे, आणि खरवडायला ब्लेडऐवजी पॉलिश पेपर द्यावा.

हा प्रयोग वर्गात करू पाहणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. चित्रफीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवू नका. वेटोळे तयार झाले की ती थांबवा, तार कुठे आणि किती खरवडायची ते मुलांना ठरवू द्या, आणि त्यासाठी प्रत्येक गटामागे हातभर तार जास्तीची आणून ठेवा.