ठाण्यात जुनं पोस्टर फ्रेम करायचं असेल तर

जांभळी नाक्याच्या बाजारातून आत जाणाऱ्या एका बोळात हे दुकान आहे. पाटीवर नुसतं 'फोटो फ्रेम' एवढंच लिहिलंय, त्यामुळे नाव विचारू नका. आत दत्तगुरू, स्वामी समर्थ, कुणाच्या आजोबांचा हार घातलेला फोटो. माझा सामरी पाच आठवडे याच तसबिरींच्या रांगेत होता.

सामरी म्हणजे 'पुराना मंदिर' या भयपटातला सैतान. १९८४ चा सिनेमा, तुलसी आणि श्याम रामसे यांचा. अनिरुद्ध अगरवालांनी सामरी केला होता. मी तेव्हा लहान होते. टॉकीजवरून जाताना अशी पोस्टरं दिसली की बाबांच्या हाताआड तोंड लपवायचे आणि बोटांच्या फटीतून बघायचे. आज माझ्याकडे रामसेंची अकरा पोस्टरं आहेत, आणि ती सगळी त्या फटीतून बघण्यातूनच आली असं मला वाटतं.

'पुराना मंदिर'चं पोस्टर मी चोर बाजारातून आणलं. तीस बाय चाळीस इंच, आठ भागांत घडी घातलेलं. पण फ्रेम करायचं धाडस सहा वर्षं झालं नाही, कारण त्याआधी 'तहखाना'चं वाटोळं झालं होतं. दुसऱ्या एका दुकानात ते दिलं, तर त्यांनी मला न विचारता एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, गोंदाने सरसकट चिकटवून टाकलं. दुसऱ्या पावसाळ्यात फुगे आले, नंतर कडेने तपकिरी डाग आत सरकत गेले. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं आणि कागद पिवळा, कडकडीत होतो. ते पोस्टर आता सुटूच शकत नाही. १९८६ चा कागद इतकी वर्षं टिकला आणि माझ्या घरात मेला. अजून जीव तुटतो.

जांभळी नाक्याच्या या दुकानातल्या काकांनी पोस्टर हातात घेण्याआधी साबणाने हात धुतले आणि पुसून कोरडे केले. मी तिथेच निम्मी निश्चिंत झाले. टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यांनी पोस्टर आधी उलटं ठेवलं आणि पाठ बघितली. मग भिंग माझ्या हातात दिलं. ऑफसेटच्या छपाईत रंगांचे ठिपके नीट रांगेत बसून बारीक फुलांसारखे दिसतात. आजच्या इंकजेटवर काढलेल्या नकलेत ते शिंतोड्यांसारखे विखुरलेले असतात. तेव्हापासून चोर बाजारात जाताना माझ्या पर्समध्ये भिंग असतं.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, भिंतीवर कुठे लागणार हे?" पश्चिमेच्या खिडकीसमोर, म्हटल्यावर त्यांनी साधी काच नको म्हणून सांगितलं आणि अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक सुचवलं. तरीही ऊन थेट पडू देऊ नका, हेही बजावलं. मागे आम्लमुक्त बोर्ड. पोस्टर आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये कडेने बारीक पट्टी, म्हणजे आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत कागद त्याला चिकटत नाही. आणि पोस्टर चिकटवलेलं नाहीच! वरच्या कडेला जपानी कागदाच्या चार छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या, त्यांवर ते नुसतं टांगलंय. पाण्याचा हात लावला की पट्ट्या सुटतात. उद्या माझ्या मुलीला ते बाहेर काढावंसं वाटलं, तर काढता येईल. मला हवं होतं ते एवढंच.

घड्यांवर इस्त्री फिरवायला त्यांनी साफ नकार दिला. टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर वजन दिलं, दहा दिवस. एक घडी सामरीच्या डोळ्यावरून जाते, तिथली शाई उडून पांढरी रेघ पडली आहे. रंग भरायचा का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. "मग राहू दे, ती त्याचीच आहे," म्हणाले. पाठीवर सेलोटेपचा जुना डाग आहे, त्याला त्यांनी हात लावला नाही. ते कागद दुरुस्त करणाऱ्याचं काम, माझं नाही, असं स्पष्ट सांगितलं. असं सांगणारा माणूस मला याआधी भेटला नव्हता.

आता तक्रारी. पंधरा दिवस सांगून पाच आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. चौकटीच्या पट्ट्या तीनच प्रकारच्या. ॲक्रिलिकवर धूळ फार बसते आणि कोरड्या फडक्याने ओरखडे उठतात, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मऊ ओलसर फडकं वापरा. खर्च ६,२०० रुपये आला, बाहेर साध्या फ्रेमचे २,४०० सांगितले होते. नेताना सोबत कुणीतरी हवं, रिक्षात फ्रेम एकटीला धरता येत नाही. गणपती-दिवाळीच्या आधी जाऊच नका, तसबिरींची इतकी गर्दी असते की काकांना मान वर करायला वेळ नसतो.

घ्यायला गेले तेव्हा सामरी भिंतीकडे तोंड करून उभा होता. गिऱ्हाइकांबरोबर आलेली लहान मुलं घाबरतात म्हणून काकांनी तसा ठेवला होता. मी तो वळवला, तर दारातली एक सहा-सात वर्षांची मुलगी आईच्या ओढणीआड गेली आणि तिथून बघत राहिली.

'वीराना'चं पोस्टर परवा देऊन आले. महिन्याने या म्हणालेत, म्हणजे मी दोन धरलेत.