कंट्रोल लाइन विमानाचं ट्रिम: फ्लॅप-रडर वाकवायचं, की लीडआउट सरकवायचं?

कंट्रोल लाइन विमान म्हणजे वर्तुळाच्या मध्यभागी उभं राहून, हातातल्या हँडलला बांधलेल्या वायरींनी उडवायचं इंजिनाचं मॉडेल. असं पहिलं फ्लॅपवालं (पंखाच्या मागच्या कडेला हलणारी पट्टी असलेलं) विमान बांधायला घेतलं की ट्रिमची, म्हणजे ते नीट उडावं म्हणून करायच्या बारीक जुळवाजुळवीची, सोय कुठे ठेवायची हे बाल्सा (हलकं लाकूड) कापण्याआधीच ठरवावं लागतं. एक रीत जुनी आहे: सगळं पक्कं सोल्डर करायचं, गोंद लावायचा आणि उडवून बघून फ्लॅप, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) लागेल तसं वाकवायचं. दुसऱ्या रीतीत लीडआउट (वायरी पंखाच्या टोकातून बाहेर पडतात ती जागा) सरकतं, पुशरॉडला (नियंत्रणं हलवणाऱ्या दांडीला) आटे असतात, बाहेरच्या, म्हणजे उडवणाऱ्यापासून लांबच्या, पंखाच्या टोकाला वजनाची पेटी असते. चांगली उडणारी विमानं दोन्ही रीतींनी बनतात. माझं म्हणणं एवढंच, की जे नंतर पंख फोडल्याशिवाय बसवता येत नाही, ते आधी बसवा. बाकीच्या सोयींवर पैसे घालण्याची घाई नको.

पुढचा सगळा हिशोब 35 च्या इंजिनाचा, म्हणजे पावणेसहा सीसीच्या आसपासचा, आणि साधारण 18 मीटरच्या वायरींचा आहे. (आंतरराष्ट्रीय एफ-टू-बी कसरतींच्या नियमात वायर 15 ते 21.5 मीटर चालते.) एक फेरी पाच-सव्वापाच सेकंदांत होते, म्हणजे विमान ताशी 80 किलोमीटरच्या आसपास असतं. या वेगाला फ्लॅपचा एक मिलिमीटरही कळतो.

आधी वायरींचा ताण, कारण तो नसेल तर बाकीचं ट्रिम बघताच येत नाही. जुन्या प्लॅनमध्ये रडर बाहेरच्या बाजूला वळवून चिकटवलेलं असतं, म्हणजे नाक बाहेर राहील आणि वायरी ताणलेल्या राहतील. हे सोपं, फुकट आणि पहिल्या काही उड्डाणांना धीर देणारं आहे. पण रडर वेगावर चालतं. डोक्यावरून जाताना विमान मंदावतं, नेमकी तिथेच त्याची मदत घटते, आणि सरळ उड्डाणात मात्र ते उगाच ओढ वाढवत बसतं.

लीडआउटचं काम वेगळं आहे. हवेच्या ओढीने वायरी मागे कमानदार वाकतात, म्हणून पंखाच्या टोकाशी त्या सी.जी.च्या (गुरुत्वमध्याच्या) थोड्या मागून बाहेर पडायला हव्यात. किती मागून, ते वायरीची जाडी, लांबी, विमानाचं वजन आणि वेग यांवर ठरतं, त्यामुळे प्लॅनवरचा आकडा फक्त सुरुवातीचा. जास्त मागे गेलं तर नाक बाहेर फेकलं जातं आणि कोपरा मारल्यावर (कसरतीत एकदम वर-खाली वळवल्यावर) विमान शेपूट हलवतं. जास्त पुढे आलं तर नाक आत येतं आणि डोक्यावर वायरी ढिल्या पडतात. खाच आणि दोन स्क्रूंचा सरकता गाइड असेल तर मैदानातच दोन-तीन मिलिमीटर सरकवून लगेच परत उडवता येतं. असा गाइड कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही लेथवाला पितळेत करून देईल, आणि नाहीच जमलं तर प्लायचा तुकडाही चालतो. इथे माझा कौल सरळ लीडआउटला. रडर सरळ ठेवा, फार तर किंचित बाहेर. एलिव्हेटरबरोबर (शेपटीची आडवी पट्टी, जी नाक वर-खाली करते) हलणारं रडर, ज्याला अल रेब यांच्या नावाने रेब रडर म्हणतात, मोठ्या प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक परिणामावर चांगला उतारा आहे. पहिल्या विमानात त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता पंख सपाट राहण्याचा प्रश्न. टिप वेट (बाहेरच्या टोकातलं वजन) बदलायचं की फ्लॅपला पीळ द्यायचा? या दोघांत लोक कायम घोटाळा करतात, कारण बाहेरचा पंख खाली झुकलेला दिसला की हात आधी शिशाकडे जातो. निदान असं करा. विमान डोळ्याच्या उंचीवर सरळ उडवा. पंखाची वरची बाजू दिसली तर बाहेरचं टोक उंच आहे, खालची दिसली तर खाली आहे. मग उलटं करून तेच बघा. सुलट्यात बाहेरचा पंख खाली आणि उलट्यातही जमिनीकडेच झुकलेला असेल, तर वजन जास्त आहे. सुलट्यात खाली आणि उलट्यात वर गेला, तर दोष पिळाचा आहे, आणि शिसं काढून तो जाणार नाही. तुम्हाला अजून उलटं उडवता येत नसेल तर येणाऱ्या कुणाच्या तरी हातात हँडल द्या. अर्ध्या निदानावर कात्री चालवू नका.

दोष पिळाचा निघाला तर आधी पंख तपासा. फिल्मचं कव्हरिंग असेल तर हीटगनने पीळ काढता येतो. त्यानंतरच फ्लॅप. हॉर्नची, म्हणजे दोन्ही फ्लॅप जोडणारी, तार पिळून बाहेरचा फ्लॅप आतल्यापेक्षा किंचित खाली आणता येतो, आणि हा इलाज दिसतही नाही. पण तार जिथे बाल्सात बसवली आहे तिथला गोंद तडकतो, आणि तीच तार पुन्हा पुन्हा वाकवणं धोक्याचं. त्याऐवजी कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याची छोटी पट्टी बाहेरच्या फ्लॅपच्या मागच्या कडेला चिकटवून बोटाने खाली वाकवली की तेच काम होतं. दिसायला गबाळं, पण मागे घेता येतं. माप पक्कं कळेपर्यंत पट्टी, मग हवं तर तार.

टिप वेटचा खरा हिशोब कोपऱ्यात कळतो. झटक्यात कोपरा मारल्यावर बाहेरचा पंख वळणाच्या उलट बाजूला लोंबला तर वजन जास्त. म्हणून पेटी हवीच, झाकण स्क्रूने आवळलेलं, कारण ताशी 80 ने सुटलेलं शिसं म्हणजे गोफणीचा दगड. पेटीत 25 ग्रॅमच्या आसपास सुरुवात करा आणि दोन-तीन ग्रॅमने बदला. त्यासाठी गुजरीतल्या सराफाचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल पुरतो.

पुशरॉडचं मात्र उलटं आहे. फ्लॅप आणि एलिव्हेटर एकाच वेळी शून्यावर नसतील तर विमान एका बाजूला घट्ट वळतं, दुसऱ्या बाजूला आळशीपणा करतं. हँडलवर एक वायर लांब-आखूड केली तर दोघांचं शून्य एकत्र सरकतं, त्यांच्यातला फरक तसाच राहतो. तो फक्त मागच्या, म्हणजे फ्लॅप आणि एलिव्हेटर जोडणाऱ्या, पुशरॉडवर निघतो. तरीही प्रोफाइल (फळीसारख्या सपाट धडाच्या) विमानात, जिथे पुशरॉड बाहेरच असतो, मी पहिल्यांदा झेड-बेंडची (टोक Z सारखं वाकवलेली) पक्की तार घालेन. चुकली तर नवी वाकवायला वेळ लागत नाही, आणि हवेत क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) उघडण्याची भीती नाही. बंद फ्यूजलाज (धड) असेल तर आट्यांचं टोक आणि हात जाईल एवढी खिडकी, दोन्ही ठेवा. क्लेव्हिसवर इंधनाच्या नळीचा तुकडा चढवायला विसरू नका.

विमान फार चुळबुळं असेल तर बरेच जण हॉर्नचं भोक बदलून एलिव्हेटरची हालचाल कमी करतात. आधी सी.जी. बघा. शेपूट जड असेल तर कमी हालचालीने ते शांत होत नाही, उलट सावरायला जागा कमी उरते. नाकात वजन घाला. नुसता हाताचा स्वभाव जुळवायचा असेल तर हँडलवर वायरींमधलं अंतर कमी करा, विमानाला हातही लावावा लागत नाही.

कोल्हापुरात ट्रिमचे दिवस निवडावे लागतात. पावसाळ्यात घाटाकडून येणारा पश्चिमेचा वारा जोराचा असतो, आणि त्या ओल्या हवेत बाल्साचा फ्लॅप आपणहून पीळ घेतो. जूनमध्ये वाकवलेली पट्टी दिवाळीनंतर परत तपासावीच लागते. थंडीतल्या सकाळी वारा पडलेला असताना ट्रिम करा. कसरतीच्या वेळी वारा पाठीवर घ्या, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला विमान राहतं आणि वायरी ताणलेल्या राहतात. ऊस तुटून मोकळं झालेलं रान दिसलं की मोह होतो, पण आधी मान वर करून विजेच्या तारा शोधा. आपल्या वायरी स्टीलच्या आहेत आणि त्यांचं दुसरं टोक आपल्या हातात आहे.