गिल्बर्ट हिलचा जिऑलॉजी वॉक: पैसे वसूल, फक्त हॉलमधला भाग चुकवू नका

अंधेरी वेस्टला गिल्बर्ट हिलवर रविवारी सकाळी जिऑलॉजी वॉक असतो तो करून आलो. माणशी 600 रुपये, आधी टेकडी आणि मग जवळच्याच एका हॉलमध्ये स्लाइड्स आणि दगडांचे नमुने. घेणारे सर जिऑलॉजीचे रिटायर्ड प्राध्यापक आहेत. 600 जास्त वाटतील पण मला तरी पूर्ण वसूल वाटले आणि ते मुख्यतः हॉलमुळे, त्यामुळे टेकडी बघून झाली की लगेच घरी पळू नका प्लीज, आमच्या बॅचमधले बरेच लोक फोटो काढून कटले आणि खरी मजा त्यांची हुकली.

टेकडी म्हणजे 61 मीटर उंच सरळसोट काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला दगड, वर गावदेवीचं देऊळ. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे पृष्ठभागापासून आत आत सरकत जातात म्हणून हे पाच-सहा बाजूंचे उभे खांब तयार होतात, हे सरांनी खाली उभं राहून एकेक खांब दाखवत सांगितलं. 2007 मध्ये हेरिटेज ग्रेड 2 मिळाला, पण तोवर आजूबाजूचा दगड खाणीवाल्यांनी फोडून नेला होता आणि आता बिल्डिंगी अगदी अंगावर आल्यात, बघून जीव तुटतो.

रील्समध्ये याला 'मुंबईतला ज्वालामुखी' म्हणतात ना, ते सरांनी पहिल्याच झटक्यात मोडून काढलं. दख्खनचा लाव्हा एखाद्या शिखरातून नाही तर बहुतेक करून जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून आला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, थरावर थर, आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. मुंबईतले काही खडक तर त्या मुख्य उद्रेकानंतरचे आहेत, म्युझियमच्या बिल्डिंगीत जो पिवळसर मालाड स्टोन वापरलाय तो ट्रॅकाइटसुद्धा ज्वालामुखीचाच दगड.

आता हॉलमधलं. ज्या हॉटस्पॉटमुळे (म्हणजे पृथ्वीच्या खोलातून उष्णता वर येत राहते ती जागा) दख्खनचा लाव्हा आला असं बहुतेक जिऑलॉजिस्ट मानतात (यावर वाद आहेत, सरांनी तेही लपवलं नाही) तो आजही चालू आहे! आपली प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसलाय तो भूकवचाचा तुकडा, उत्तरेला सरकत गेली, त्या काळी तर वर्षाला 15 सेंटीमीटरच्या आसपास वेगाने, आणि तो मागे राहिला, लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी त्याची वाट दिसते आणि आता तो हिंद महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त लांब. तिथला पितों द ला फुर्नेझ हा 2,632 मीटरचा ढाल ज्वालामुखी जगातल्या सगळ्यात जास्त उसळणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक, 17व्या शतकापासून 150 हून जास्त उद्रेक नोंदलेत.

ढाल ज्वालामुखी असा पसरट का, तर लाव्हात सिलिका (लाव्हा घट्ट करणारा घटक) कमी, म्हणून तो पातळ, आतला गॅस सहज सुटतो, मोठा स्फोट होण्याऐवजी लाव्हा वाहत जातो. तव्यावर घावनाचं पीठ सोडल्यासारखा लांब पसरतो आणि तेच लाखो वर्षं चाललं की उतार कमी पण पसारा प्रचंड असा डोंगर उभा राहतो. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून 4,169 मीटर दिसतो पण समुद्रतळापासून मोजला तर 9 किलोमीटरच्या वर जातो, 38 वर्षं शांत राहून 2022 च्या नोव्हेंबरमध्ये फुटला.

पण सर रमले ते फुर्नेझमध्येच आणि मीही. तिथला लाव्हा बहुतेक वेळा एका मोठ्या खोलगट भागातच राहतो जिथे वस्ती नाही. 1977 मध्ये मात्र तो बाहेर आला, गावात घुसला आणि तिथल्या चर्चला वेढून थांबला, त्यानंतर 1979 मध्ये वेधशाळा उभी राहिली. तेव्हापासून भूकंपमापकांवर आणि जमीन किती फुगतेय त्यावर सतत लक्ष असतं, मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला दगड) वर चढायला लागला की बारीक भूकंपांची रांग लागते आणि लोकांना आधीच हटवता येतं. 2007 मध्ये एवढा लाव्हा बाहेर पडला की माथ्यावरच्या विवराचा तळ 300 मीटरहून जास्त खाली कोसळला. सरांनी त्या विवराचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावला तेव्हा हॉलमध्ये कोणी हूं का चूं केलं नाही.

तक्रारी पण आहेत. बॅच फार मोठी, सरांकडे माइक नाही, मागे उभं राहिलं तर अर्धं ऐकूच येत नाही. हॉटस्पॉटच्या वाटेचा नकाशा जो हातात देतात तो एवढा बारीक छापलाय की बेटांची नावं वाचता येत नाहीत आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. नमुन्यांमध्ये गुळगुळीत दोरखंडी 'पाहोएहोए' लाव्हा होता पण खडबडीत 'आआ' लाव्हा नव्हता, दोन्ही हातात घेऊन बघता आले असते तर फरक लगेच कळला असता. आयोजकांनी हे वाचलं तर एवढं कराच.

मुलं पाचवी-सहावीच्या पुढची असतील तर नक्की न्या, त्याहून लहानांना हॉलमध्ये कंटाळा येईल. आजी-आजोबांना वरपर्यंत पायऱ्या जड जातील पण खांब खालूनच जास्त चांगले दिसतात, सरांना सांगून ठेवा, ते खाली थांबून आधी समजावून देतात. पाणी स्वतःचं न्या, आणि पावसाळ्यातली बॅच शक्यतो टाळा, पायऱ्या निसरड्या होतात.