९४ पौंडांचा ड्रायसूट

वाईजवळच्या आमच्या गावी मी विहिरीत पोहायला शिकले ती पाठीला पत्र्याचा डबा बांधून. अंगावर जुना फ्रॉक आणि काठावर ओरडणारे काका, एवढाच सरंजाम. पाण्यात जायला वेगळे कपडे विकत घ्यावे लागतात हे इंग्लंडच्या उत्तरेला राहायला आल्यावर समजलं. त्या कपड्यांच्या नावाखाली कसं गंडवतात, तेही इथंच समजलं. आमचे ११३ पौंड बुडाले. ते गेले तर गेले, पण त्या कपड्यांवर भिस्त ठेवून मी विंडरमियर तलावाच्या मध्यावर गेले असते तर हे लिहायला कदाचित बसलेच नसते. आमच्या ओळखीतल्या तीन मराठी घरांनी गेल्या उन्हाळ्यात पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळ्या, घेतलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही जुलैत हवेचा बोर्ड घेतला. विंडरमियर हा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा तलाव, लांबी सतरा किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीवर भागत होतं. ऑक्टोबरपासून मात्र आमच्या पॅडलबोर्डवाल्या गटातली माणसं अंतराळवीरांसारखी दिसायला लागली. आम्हाला आधी हसू यायचं, कारण बाहेर छान ऊन असायचं. मग एकाने समजावलं की इथे हवा बघून कपडे घालायचे नसतात, पाणी बघून घालायचे. पाणी पंधरा अंशांच्या खाली गेलं की अचानक पडणाऱ्याला पहिल्या एक-दोन मिनिटांत धाप लागते, श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. हाता-पायातली ताकद जाते ती त्यानंतर. अंगातली ऊब पूर्ण जाऊन शुद्ध हरपायला पुष्कळ वेळ लागतो, पण बहुतेकांची गाडी तिथपर्यंत जातच नाही. तारकर्लीच्या सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून पटत नाही.

त्यासाठी दोन तऱ्हा असतात. वेटसूट निओप्रीनचा, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या रबराचा. त्यात थोडं पाणी शिरतं, पण अंगालगत अडकून गरम होतं. हिवाळ्यासाठी तो जाड लागतो आणि अंगाला घट्ट बसावा लागतो. ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही. मान आणि मनगटांना रबरी सील, पायात शिवलेले मोजे, आणि खास पाणबंद चेन. तो स्वतः ऊब देत नाही, आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे घालायचे. नवा चांगला ड्रायसूट कित्येकशे पौंडांना पडतो. आम्ही दोघं, म्हणजे दोन. तिथेच आमची हाव जागी झाली.

जानेवारीत फोनवर जाहिरात दिसली. एका जोडप्याचं बावीस वर्षांचं कौटुंबिक दुकान बंद होतंय, जड मनाने उरलेला माल काढतोय, ६४० पौंडांचा ड्रायसूट ९४ ला. सोबत एका वृद्ध बाईंचा डोळे पाणावलेला फोटो. वेबपत्त्याच्या शेवटी डॉट सीओ डॉट यूके, त्यामुळे दुकान इथलंच असणार असं मी धरून चालले. तो पत्ता जगात कुठूनही कुणीही विकत घेऊ शकतं, हे नंतर कळलं. वर भेट म्हणून ‘कुठल्याही पाण्यात चालेल’ असा, आपल्याला बोर्डाशी जोडून ठेवणारा, घोट्याला बांधायचा दोर. २०२१ साली वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्टला नदीच्या बंधाऱ्यावर चार पॅडलबोर्डरांचा जीव गेला. वाहत्या पाण्यात घोट्याला दोर बांधू नये, अडकला तर हात पोचत नाही, कमरेचा, झटक्यात सुटणारा दोर हवा, हे आमच्या गटात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ‘कुठल्याही पाण्यात चालेल’ या एका वाक्यानेच मी सावध व्हायला हवं होतं. पण जाहिरातीत उलट मोजणारं घड्याळ चालू होतं, ‘फक्त ७ शिल्लक’. मी दोन मागवले.

पार्सल चोवीस दिवसांनी आलं, परदेशातून. नवऱ्याने उघडलं, हात फिरवला आणि म्हणाला, “अगं, ही चेन रेनकोटची वाटते.” मी म्हटलं, तुला काय कळतंय. सूट घालून मी दिवाणखान्यात दोन चकरा मारल्या, फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांचं उत्तर: “थंडी वाजते तर पाण्यात जातेस कशाला?”

खरी मेख इथे आहे. असले कपडे घरात अगदी व्यवस्थित दिसतात. त्यांची परीक्षा पाण्यातच होते, आणि तिथे नापास होणं परवडत नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही तलावावर गेलो. गटातले एक आजोबा दोरीला थर्मामीटर बांधून पाणी मोजतात, ते म्हणाले सहा अंश. त्यांचा नियम असा की नवा सूट घातलेल्याने बोर्डावर चढायच्या आधी काठालगत छातीभर पाण्यात बसून दाखवायचं. मी बसले. आधी पाठीवर चेनच्या रेषेत बर्फाची सुरी ओढल्यासारखं झालं, मग मानेतून. आणि लगेच तो श्वास. मी ‘येतंय पाणी’ एवढंच म्हणायला गेले, पण तोंडातून नुसते आचके निघत होते. उभी राहायला गेले तर दोन्ही पायांच्या पखाली झाल्या होत्या. आत भरलेलं पाणी पाण्यात जाणवत नाही, बाहेर निघताना जाणवतं. या वजनाने मी बोर्डावर परत चढूच शकले नसते. दोघांनी काखेत हात घालून मला काठावर घेतलं. मानेची पट्टी सोडवायला माझी बोटं चालेनात, नवऱ्याने सोडवली. आत मी सुती ट्रॅकपँट घातली होती, ही चूक मात्र माझी. सुती कपडा भिजला की ऊब धरत नाही, उलट अंगाला चिकटून गारठवतो.

आजोबांनी सूट उलटा करून दाखवला. साधी नायलॉनची चेन, वर कापडाची झडप. मानेला रबराऐवजी वेल्क्रो. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नाही. पावसाळी कोटाला पाय जोडले होते, इतकंच.

पुढची फसवणूक पैसे परत मागताना झाली, आणि ती जास्त सफाईदार होती. मी तक्रार केली. उत्तर अतिशय गोड: वस्तू ठेवा, आम्ही १५ टक्के परत करतो. मी नाही म्हटलं. मग २५ टक्के. मग म्हणे परत पाठवा, पण परदेशातल्या गोदामात, तुमच्या खर्चाने. तो खर्च ७० पौंडांच्या आसपास निघाला. इथल्या कायद्याने वर्णनाशी न जुळणारी वस्तू तीस दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात आणि परतीचा खर्च दुकानदाराचा. ते मी लिहिलं, तर ‘प्रिय ग्राहक’ने सुरू होणारं तेच पत्र पुन्हा आलं. तीन आठवड्यांनी ४० टक्क्यांवर मी कंटाळून ‘चालेल’ लिहिलं. ७५ पौंड २० पेन्स आले.

मग बँकेला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. क्रेडिट कार्डावर घेतलेल्या वस्तूची जबाबदारी १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ नुसार बँकेवरही येते, पण एका वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर असावी लागते. बिल १८८ चं असलं तरी सूट ९४ चा. ही किंमत मुद्दाम ठेवली होती की योगायोग, देव जाणे. दुसरा मार्ग चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेने दुकानदाराकडून परत खेचायचा. तो मला खुला होता, पण मी ४० टक्क्यांवर तडजोड मान्य केल्याचं लेखी होतं. दुकानदाराने तेच पुढे केलं आणि बँकेने हात वर केले. तो एक शब्द लिहिला नसता तर पूर्ण पैसे परत मिळायची चांगली शक्यता होती. असा देकार आला तर उत्तरसुद्धा देऊ नका, पुरावे घेऊन सरळ बँकेकडे जा.

आता मी वेड्यासारखी तपासते. बावीस वर्षांचं म्हणवणाऱ्या त्या दुकानाचा वेबपत्ता नोंदवून दोन महिनेही झाले नव्हते, हे कुणालाही फुकट बघता येतं. कंपनीज हाउसवर, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत, नाव शोधलं, मिळालं नाही. वृद्ध बाईंचा फोटो इंटरनेटवर आणखी कुठे कुठे आहे ते शोधलं तर त्याच बाई आणखी दोन दुकानं बंद करत होत्या, एक चपलांचं आणि एक दागिन्यांचं. विकणाऱ्याला मी चेनचा जवळून फोटो मागते. खरी पाणबंद चेन दणकट आणि ताठ असते, ओढायला जोर लागतो. उलट्या केलेल्या सूटच्या शिवणींचा फोटो मागते. ‘निओप्रीनसारखं’ लिहिलं असेल तर ते निओप्रीन नव्हे.

एप्रिलमध्ये गटातल्याच एकाकडून जुना ड्रायसूट बघायला आणला. नवऱ्याने मान-मनगटांची तोंडं बांधून त्यात हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं, गावाकडे सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात त्याच धर्तीवर. मग दोन्ही मोज्यांत कागदी रुमाल घालून मी सूटसकट घरच्या टबात दहा मिनिटं बसले. रुमाल कोरडे निघाले. डाव्या मनगटापाशी मात्र बाही थोडी ओली होती. तिथलं सील बदलावं लागेल, हे देणाऱ्याने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं आणि त्याचे वीस पौंड आधीच कमी केले होते.