एएमएच आणि फॉलिकल-मोजणी: काही महिन्यांच्या उपचारानंतरचा अनुभव

आयव्हीएफच्या आधी दोन गोष्टी बघून डॉक्टर अंदाज बांधतात की इंजेक्शनांना अंडाशय किती साथ देतील. एक म्हणजे रक्तातला एएमएच, हे अंडाशयात बनणारं एक संप्रेरक, दुसरी म्हणजे पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सोनोग्राफीत मोजलेली छोटी फॉलिकल्स (ज्यात अंडं वाढतं त्या बारीक पिशव्या), म्हणजे एएफसी. हा अनुभव त्या अंदाजाचा आहे. मी निपाणीची, वय 33. दोन सेंटरांमधून गेले. माझं मत आधीच सांगते: किती अंडी मिळतील आणि औषध किती द्यायचं, एवढ्यापुरता हा अंदाज खरंच कामाचा आहे. आई होणार की नाही याचा निकाल म्हणून तो हातात ठेवला जातो, तिथे मात्र बाईचं फार नुकसान होतं.

माझा पहिला एएमएच 0.9 आला. रक्त निपाणीतच दिलं, नमुना बाहेरच्या लॅबला गेला, रिपोर्ट मोबाईलवर आला. आकड्याखाली लाल रेघ होती. पहिल्या सेंटरमध्ये (नाव लिहीत नाही) तो बघून पाचेक मिनिटांत सांगितलं की अंडी संपत आलीत, तीनपेक्षा जास्त मिळणार नाहीत, दात्याचं बीज, म्हणजे दुसऱ्या बाईचं अंडं, घ्यायचा विचार करा. सोनोग्राफी झाली होती, पण घाईत, आणि छापील रिपोर्टमध्ये एएफसीचा रकाना कोरा होता. तो कोरा रकाना मला नंतर कळला. त्या दिवशी फक्त 'संपत आलीत' एवढंच ऐकू आलं. घरी सासूबाईंनी विचारलं, "किती पॉईंट आले गं?" सांगितलं तर म्हणाल्या, "एकाच्या खाली? मग आता काय राहिलं?" त्यांचा दोष नाही. आम्हाला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

समजलं ते बेळगावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे. एएमएच अंडाशयातल्या छोट्या, वाढू लागलेल्या फॉलिकल्समधून येतं. अशी फॉलिकल्स जास्त असली की ते जास्त, कमी असली की कमी. म्हणून इंजेक्शनं दिल्यावर त्यातली किती मोठी होऊ शकतील याचा अंदाज त्यावरून येतो. गंमत म्हणजे हे संप्रेरक आधी ओळखलं गेलं ते मुलग्याच्या गर्भात. 1940च्या दशकात अल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशांच्या गर्भांवर काम करताना दाखवलं की नर गर्भात गर्भाशयाची घडण थांबवणारं काहीतरी वृषणातून येतं. तेच हे. अंड्यांच्या दर्जाबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. दर्जा मुख्यतः वयावर जातो. 33 व्या वर्षी 0.9 आणि 42 व्या वर्षी 0.9 या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे वाक्य मला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळायला हवं होतं.

या डॉक्टरांनी एएमएच पुन्हा करायला सांगितला, वेगळ्या लॅबमधून. 1.3 आला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. आता हे बघा: कमी प्रतिसादाची गटवारी करण्यासाठी 2016 साली पोसायडन निकष आले, त्यात एएमएचची रेघ 1.2 (नॅनोग्रॅम प्रति मिली) वर आणि एएफसीची 5 वर आहे. माझा एक रिपोर्ट रेघेच्या खाली, दुसरा वर. अंडाशय तेच, बाई तीच. त्यामुळे एका आकड्यावर कुणी दात्याचं बीज सुचवलं तर निदान दुसरा रिपोर्ट आणि नीट मोजलेली एएफसी होईपर्यंत हो म्हणू नका. एकक पण बघा. काही रिपोर्ट नॅनोग्रॅममध्ये येतात, काही पिकोमोलमध्ये, आणि 1 नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे साधारण 7.14 पिकोमोल प्रति लिटर. ओळखीतल्या एकीने 6 पिकोमोलला 6 नॅनोग्रॅम समजून 'भरपूर आहेत' असं धरलं होतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी एएमएच कमी दिसू शकतो, तेही आधी सांगावं.

एएफसी पाळीच्या दुसऱ्या दिवशी झाली. खालून करायची सोनोग्राफी, दुखत नाही पण अवघडल्यासारखं होतं. याच डॉक्टर मॅडम प्रोब अगदी सावकाश फिरवत, दोन ते दहा मिलिमीटरची एकेक फॉलिकल मोजत होत्या आणि सिस्टर लिहीत होत्या: उजवीकडे पाच, डावीकडे चार. मग म्हणाल्या, "पाच ते आठ अंडी धरून चालू या. जास्त सांगणार नाही." इतकं साधं, मोजून बोललेलं वाक्य मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

अंडी वाढवायच्या इंजेक्शनाचा डोस ठरला 225 युनिट रोज. मला वाटलं होतं आकडा कमी म्हणजे औषध भरपूर देतील. मॅडमनी सांगितलं की युरोपातल्या ईश्रे संस्थेच्या मार्गदर्शनात कमी प्रतिसाद अपेक्षित असला तरी 300 युनिटच्या वर जाण्याची शिफारस नाही. फॉलिकल्सच कमी असतील तर औषध वाढवून नवी तयार होत नाहीत, खर्च मात्र वाढतो.

औषध पेनमधून घ्यायचं. 900 युनिटचा पेन, म्हणजे माझ्या डोसला चार दिवस. मागचा डायल फिरवताना टकटक आवाज येतो, खिडकीत आकडा दिसतो. पोटाची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, बटण दाबून दहापर्यंत मोजायचं. मी ते स्वतः घ्यायला शिकले, रोज दवाखान्यात जायची गरज पडली नाही. पेन संपत आला आणि डोस पुरा झाला नाही तर उरलेला आकडा खिडकीत दिसतो, तेवढा नव्या पेनमधून घ्यायचा. हे कुणीतरी आधी करून दाखवायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट गेली की काळजी, म्हणून न उघडलेले पेन शेजारच्या किराणावाल्या काकांच्या मोठ्या फ्रिजमध्ये ठेवले होते. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका, औषध गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं.

स्कॅनसाठी एक दिवसाआड बेळगाव. कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेमुळे आधार दाखवून बसचा प्रवास फुकट. राज्याची हद्द ओलांडून कोल्हापूरला जायचं तर ती सवलत नाही. सीमेवरच्या आमच्यासारख्या बायका सेंटर निवडताना हाही हिशेब करतात, आणि तो करायलाच हवा, कारण औषधांचा खर्च वेगळाच बसतो.

निकाल: सात अंडी मिळाली, पाच परिपक्व, शेवटी दोन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढलेले भ्रूण) फ्रीझ झाले. अंदाज पाच ते आठचा होता. अंदाज बरोबर निघाला हे मी मनापासून लिहिते. पहिल्या सेंटरचं ऐकलं असतं तर ही सात अंडी कुणी काढायलाच गेलं नसतं.

दुसरी बाजू माझ्या नणंदेची, खानापूरची. तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयात छोटी फॉलिकल्स खूप असण्याचा त्रास, एएमएच 9 च्या वर. तिने फोनवर विचारलं, "वैनी, माझं तर नऊ आलंय की, मग चांगलंच की नव्हं?" घरात सगळ्यांना तसंच वाटत होतं. मला वाटतं या अंदाजाचा सगळ्यात मोठा उपयोग अशाच बाईला आहे. तिचे अंडाशय औषधाला जास्तच साथ देतात, मग फुगतात, रक्तवाहिन्यांमधलं पाणी पोटात झिरपतं, धाप लागते, रक्त घट्ट होऊन गाठी व्हायचा धोका असतो. त्याला ओएचएसएस म्हणतात. तिचा आकडा आधीच माहीत असल्यामुळे डोस कमी ठेवला, अँटॅगॉनिस्ट पद्धत (अंडी वेळेआधी सुटू न देणारं औषध) घेतली, शेवटचं ट्रिगर, म्हणजे अंडी पक्व करणारं इंजेक्शन, नेहमीच्या एचसीजी संप्रेरकाऐवजी दुसऱ्या प्रकारचं दिलं आणि सगळे भ्रूण फ्रीझ केले. पोट थोडं जड झालं, तेवढंच. नेदरलँड्समधल्या ऑप्टिमिस्ट अभ्यासातही (2017) हेच दिसलं: एएफसी बघून डोस बदलल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, पण जास्त प्रतिसादाच्या बायकांमध्ये ओएचएसएस कमी झालं. म्हणजे हा अंदाज बाईला सांभाळण्यासाठी आहे. त्याने यश विकत मिळत नाही, आणि कुणी तसं सांगून महागडं पॅकेज पुढे केलं तर मला राग येतो.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. बहिणीच्या मुलीचं लग्न ठरायचंय, आणि लॅबच्या 'महिलांसाठी पॅकेज'मध्ये एएमएच होतं म्हणून तिचंही करून घेऊ का, असं मला विचारलं गेलं. मी ठाम नाही म्हटलं. 2017 साली जामा या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या बायकांमध्ये कमी एएमएच असणाऱ्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहायला जास्त अडचण आली असं दिसलं नाही. मग चोवीस वर्षांच्या पोरीच्या हातात असा कागद कशाला द्यायचा? तो सासरी पोचला तर काय होईल हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

उपचार घेणाऱ्यांनी एक करा. पहिल्या सायकलनंतर पुढचा अंदाज बांधायला तुमच्याच मागच्या प्रतिसादाइतकी चांगली माहिती दुसरी नाही: एएफसी किती होती, डोस किती होता, कितव्या दिवशी किती फॉलिकल्स किती मिलिमीटरची झाली, अंडी किती निघाली, परिपक्व किती. हे सगळं स्कॅनशीटवर हाताने लिहिलेलं असतं आणि सेंटरच्या फाईलमध्येच राहतं. डिस्चार्जच्या कागदावर फक्त शेवटचा आकडा येतो. मी सिस्टरकडून शीटची झेरॉक्स घेतली. नणंदेला रिसेप्शनवर कन्नडमध्ये अर्ज द्या म्हणाले, तो तिच्या दिरानं लिहून दिला आणि त्याच संध्याकाळी कागद मिळाले.