रोमला सेंट पीटर्स बघायला जाणार असाल तर आधी हे वाचा, आमचे 147 युरो गेले

लिहू की नको करत तीन महिने काढले, पण परवा आमच्या आळीतल्या एक मावशी म्हणाल्या की त्या मे महिन्यात रोमला चालल्यात आणि एजंटने कोटेशनमध्ये "चर्च एन्ट्री" म्हणून वेगळे पैसे लावलेत, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आम्ही वसईचे कॅथलिक. 2025 हे ज्युबिली वर्ष होतं, साधारण 25 वर्षांनी येतं, त्या वर्षात रोमच्या चार मोठ्या बॅसिलिकांची, म्हणजे मानाच्या चर्चची (व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स त्यातलंच एक), पवित्र दारं उघडतात आणि जगभरातून भाविक त्या दारातून जायला येतात. 2000 सालच्या ज्युबिलीला बाबांना जायचं होतं, तेव्हा पैसे जमले नाहीत, नंतर बाबाच राहिले नाहीत. म्हणून ऑक्टोबरात मी आणि मिसेस आईला घेऊन गेलो. आईचं वय 71, गुडघे दुखतात, पण तिला जायचंच होतं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ज्यांना 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारलं, त्यांना 1862 मध्ये रोमला संतपद जाहीर झालं, ते रोम एकदा डोळ्यांनी बघायचं असं ती लहानपणापासून म्हणायची.

सकाळी साडेनऊला ओत्ताव्हियानो मेट्रो स्टेशनला उतरलो. जिना चढून वर आलो तोच एक माणूस समोर आला, गळ्यात फोटो असलेलं आयकार्ड, हातात व्हॅटिकनचा प्लास्टिक केलेला नकाशा. आईकडे बघून म्हणाला, "नमस्ते मदर, होली डोअर?" आता आईच्या गळ्यात जपमाळ होती त्यामुळे त्याला ते कळायला वेळ लागला नाही. मग मला इंग्लिशमध्ये सांगायला लागला की आज लाईन चार तासांची आहे, पवित्र दारासाठी रजिस्ट्रेशन कम्पल्सरी आहे, तुमचं झालंय का, नसेल तर अकरानंतर आत सोडत नाहीत, माझ्याकडे ज्युबिली पास आहे, 49 युरो एकाला, लाईन नाही.

इथेच मी फसलो. कारण रजिस्ट्रेशन लागतं हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि करायचं राहून गेलं होतं, ते माझ्या मनात खातच होतं. त्याने बरोबर तिथेच बोट ठेवलं. ते रजिस्ट्रेशन पूर्ण फ्री होतं, फोनवर करायचं, हे मला नंतर कळलं.

आई मागून म्हणाली, "अरे, देवळात जायला तिकीट कसं असेल?" मी तिला म्हटलं, आई तुला इथलं माहीत नाही, थांब जरा. हे वाक्य मला अजून टोचतं.

त्याने आम्हाला एका गल्लीतल्या छोट्या दुकानात नेलं, आत टेबल, प्रिंटर आणि कार्डचं मशीन. 147 युरो कार्डावर घेतले, आपले पंधरा हजारांच्या वर. हातात कागद दिला, वर बॅसिलिकेचा फोटो, मोठा क्यूआर कोड, आणि एकदम खाली मुंगीएवढ्या अक्षरात "ऑडिओ गाईड सर्व्हिस". ते मी रात्री हॉटेलवर गेल्यावर वाचलं. मग एक बाई छत्री उंच धरून आम्हाला आणि अजून सात-आठ जणांना चालवत चौकापर्यंत घेऊन गेली, तिथे खांबांच्या कडेने जी रांग चालली होती तिच्या शेवटी उभं केलं, "धिस इज सिक्युरिटी, एव्हरीबडी मस्ट" म्हणाली आणि निघून गेली. तीच रांग, जी सगळ्यांची होती. एअरपोर्टसारखी बॅग तपासणी असते, ती पोपच्या पाहुण्यांनाही चुकत नसेल. एक तास दहा मिनिटं उभे राहिलो, आई माझ्या खांद्यावर भार टाकून. तपासणीनंतर मी तो क्यूआर कागद पुढे केला तर गार्डने बघितलासुद्धा नाही, हातानेच पुढे जा म्हणून खूण केली.

आत गेल्यावर मात्र आईने काही मनात ठेवलं नाही. पवित्र दार म्हणजे उजव्या टोकाचं दार, त्यावर ब्राँझच्या चौकटी आहेत, तिने एका चौकटीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली, मागून लोक येत होते तरी कुणी तिला ढकललं नाही. दारातून आत पाऊल टाकलं की लगेच उजवीकडे काचेमागे मायकलएंजेलोचा पिएता, मांडीवर मेलेला मुलगा घेऊन बसलेली माता. आई रडली. त्या वेळी पैशाची आठवण मलाही नव्हती.

बाहेर आल्यावर ज्युबिलीच्या एका व्हॉलंटिअर मुलीला कागद दाखवला. तिने वाचला आणि "नो, नो, इट्स फ्री" म्हणून कपाळाला हात लावला. तिनेच सांगितलं की भाविकांसाठी वेगळा मार्ग आहे, पियाझ्झा पिया या चौकापासून क्रूस हातात घेऊन प्रार्थना म्हणत व्हिया देल्ला कॉन्चिल्याझिओने या रस्त्यावरून चालत थेट पवित्र दारापर्यंत जायचं, एक पैसा लागत नाही. आम्ही रांगेत असताना असे दोन ग्रुप शेजारून गेले होते, आईने त्यांच्याकडे बघून क्रुसाची खूण पण केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची असिसीची ट्रेन बुक होती, त्यामुळे ते राहिलंच. आता 6 जानेवारी 2026 ला दार बंद झालं. पैशापेक्षा मला हेच जास्त लागलंय.

आता ज्यांना जायचंय त्यांनी एवढं समजून घ्या. व्हॅटिकन म्युझियम आणि सेंट पीटर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टिन चॅपल म्युझियममध्ये येतं, त्याला तिकीट आहे, 20 युरो आणि ऑनलाईन घेतलं तर वर 5 बुकिंगचे, दार पण वेगळ्या रस्त्यावर आहे. बॅसिलिकेत जायला पैसे नाहीत, फक्त घुमटावर चढायचं असेल तर तिकीट. मधले लोक याच गोंधळावर जगतात, एकाचं तिकीट दाखवून दुसऱ्याचे पैसे घेतात. बुधवारी पोप चौकात लोकांना भेटतात त्याचं तिकीटही फ्री असतं, आदल्या दिवशी व्हॅटिकनच्या ब्राँझ दरवाज्यापाशी (हा पवित्र दाराहून वेगळा) स्विस गार्ड, म्हणजे पोपचे पहारेकरी, देतात, तेसुद्धा लोक विकतात. पँथिऑनला 2023 मध्ये 5 युरोचं तिकीट सुरू झालं पण तेही चर्च आहे, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, जाणाऱ्याला तिकीट नाही. आणि कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट बघतात, त्यामुळे रस्त्यावर कुणी तिकीट देतो म्हणाला तर त्यावर नाव कुणाचं असणार ते आधी विचारा.

बँकेत तक्रार केली होती. पिन मी स्वतः टाकला आणि समोरच्याने "ऑडिओ गाईड दिला" असं कळवलं म्हणून क्लेम नामंजूर झाला, दीड महिन्याने मेल आला. ऑडिओ गाईड आम्ही बघितला पण नाही.

मावशींनी काल एजंटला फोन लावला, मी बाजूला बसलो होतो. कुठल्या चर्चची एन्ट्री ते विचारल्यावर तो दोन मिनिटं घोटाळला आणि ती ओळ कोटेशनमधून काढतो म्हणाला. पोपच्या बुधवारच्या भेटीचे पैसे अजून लावलेलेच आहेत, ते आज संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून बघणार आहे.