केळशी ते हर्णै, तीन दिवस पायी: पहिल्यांदाच चालणाऱ्यांसाठी

चिपळूणला आमचं औषधांचं दुकान आहे. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत मी काउंटरमागे उभी असते, त्यामुळे आपले पाय चालायला तयार आहेत अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी जाऊबाईंना घेऊन सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या ट्रेकला गेले आणि ती समजूत गेली. जाहिरातीत 'सोपा, नवख्यांसाठी' असं लिहिलेलं. माणसं साठ, लीडर दोन, एक पार पुढे आणि एक पार मागे. पहिल्याच चढाला जाऊबाईंना धाप लागली, तर "इथेच बसा, उतरताना घेऊ" म्हणून त्यांना झाडाखाली बसवून सगळे पुढे गेले. मी त्यांच्याजवळ थांबले. पाच तास. त्या वेळी त्या गप्प बसून होत्या, पण नंतर सहा महिने कुठे जायचा विषय काढला की त्या उठून आत जायच्या.

म्हणून या जानेवारीत केळशी ते हर्णै ही किनाऱ्याची वाट ठरवताना मी पैसे भरायच्या आधी फोनवर नीट चौकशी केली. ही सहल चालवणारे दापोली तालुक्यातलेच, मासेमारी करणाऱ्या घरातले दोन भाऊ. पहिलं विचारलं ते हेच, की मधेच कुणाला जमेनासं झालं तर? "काकी, या वाटेवर गावं लागूनच आहेत. रिक्षा बोलावतो, मुक्कामाच्या घरी सोडतो. संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवायला तुम्ही असणारच." मग विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं? त्यावर त्याने वेळ सांगितली नाही, उलट मलाच विचारलं, "तुम्ही येताय त्या दिवशी तिथी कुठली?" तिथेच मी बुकिंग केलं.

किनाऱ्याने चालताना घड्याळ समुद्राचं असतं. कोळ्यांचा हिशोब असा: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, आणि त्याच्या साधारण सहा तास मागेपुढे ओहोटी. आम्ही पौष वद्य पंचमीला निघालो, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमाराला. आठला पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर उतरायचं, पाणी मागे हटत असताना चालायचं, उन्हं चढायच्या आत सावलीला यायचं. शिवाय अष्टमीकडे सरकताना भांग, म्हणजे कमी जोराची भरती असते, पाणी फार चढतही नाही. पुनवेला किंवा अवसेला हीच वाट ठरवली असती, तर दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती आणि पायाखाली नुसती भुसभुशीत वाळू. नवख्या माणसाची अर्धी ताकद तिथेच संपते. ओल्या, घट्ट वाळूवर चालणं आणि वरच्या कोरड्या वाळूत पाय ओढणं यातला फरक माझ्या पोटऱ्यांनी पहिल्या तासातच ओळखला.

आणखी एक गोष्ट धाकट्या भावाने दाखवली. पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच अंगाने तासभर चाललं की समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि गुडघा, कंबर धरते. तो आम्हाला मुद्दाम वरखाली, नागमोडी नेत होता, आणि दर अर्ध्या तासाने थांबवत होता. दुकानात गुडघ्याची मलमं मागायला येणाऱ्या किती माणसांना मी आता हे सांगते!

पहिला दिवस केळशी ते आडे. केळशीला याकूबबाबांचा दर्गा आणि ती वाळूची उंच टेकडी पाहिली. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिचा अभ्यास करून ती त्सुनामीने साठली असावी असं मांडलं आहे. आता तिचा बराच भाग उरलेला नाही. उटंबरला रस्त्याने डोंगर ओलांडावा लागतो, तीन दिवसांतला खरा चढ तेवढाच. जाऊबाई तिथे चार वेळा थांबल्या. मोठा भाऊ चारही वेळा त्यांच्या मागे उभा राहिला, पुढे गेला नाही, घाई केली नाही, आणि गप्पा मारायचा आग्रहही केला नाही. वर पोचल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "आता पुढे कुठे?"

आडे गावात भार्गवरामाचं देऊळ आहे. मुक्काम एका वाडीत. घरच्या वहिनींनी कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांची बहुतेक सुपारी आणि निम्मे माड गेले. मांडवासारखी सावली असायची तिथे आज ऊन पडतं, आणि नवी लावलेली रोपं आता कुठे वर आली आहेत. त्या हे सांगत असताना आम्ही बाराही जण ताटावर हात थांबवून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी पाडल्यावरून आंजर्ल्याला. दोन पुळणींच्या मधे जिथे कातळ लागतो तिथे कालवं, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. माझ्या भाचीने अनवाणी जायचा हट्ट केला, तेव्हा धाकट्या भावाने तिला सरळ परत पाठवून सँडल घालायला लावले. त्याचा आवाज जरा चढला, पण मला तो आवडला. जिथे जपायचं तिथे माणसाने कडक असावं. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेचा गणपती, आणि वरून हर्णैसमोरच्या पाण्यात बसलेला सुवर्णदुर्ग दिसतो. उद्या कुठे जायचं आहे ते डोळ्यांनी दिसलं की पाय दुखायचे थांबत नाहीत, पण मन हलकं होतं. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. म्हणून रात्री पुळणीवर बॅटरी किंवा मोबाईलचा उजेड पाडायचा नाही हा नियम त्यांनी जेवतानाच सांगितला, आणि स्वतःही पाळला.

आता तक्रारी. प्रथमोपचाराची पेटी मी उघडून पाहिली, तर तापाच्या गोळ्यांची मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली. ओआरएसची दोनच पाकिटं, बारा माणसांना. हे चालण्यासारखं नाही आणि मी ते तिथल्या तिथे तोंडावर सांगितलं. त्यांनी कबूल केलं, पुढच्या मुक्कामाच्या आत दापोलीहून नवीन सामान मागवलं. मी दुसऱ्यांदा पेटी तपासली, ठीक होती. पण नेहमी कुणी औषधवाली बरोबर असेलच असं नाही, तेव्हा जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी पेटी बघायला मागावी. दुसरं म्हणजे बायकांची सोय. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ तीन तास कुठेही संडास नाही, आणि हे आधी सांगितलं नव्हतं. मग बायका पाणी कमी पितात, आणि उन्हात चालताना ते धोक्याचं आहे. वाटेवरच्या एखाद्या घराशी आधी बोलून ठेवणं त्यांना अवघड नाही. मुक्कामाच्या दुसऱ्या घरात बारा जणांना एकच न्हाणीघर, त्यात सकाळचा वेळ गेला.

स्वतःजवळ काय ठेवावं म्हणाल तर मोज्यांचे दोन जोड आणि मायक्रोपोर पट्टी. खारं पाणी आणि वाळू मोज्यात गेली की टाचेला फोड येतोच. तो फुटायच्या आधी, नुसतं चुरचुरायला लागताच पट्टी लावायची. मोठी बॅग पाठीवर घ्यायची गरज नाही, ती टेम्पोने पुढे जाते. पाठीवर दोन लिटर पाणी, टोपी आणि सुका खाऊ एवढंच.

तिसरा दिवस तुलनेने फिका. जोग खाडीच्या पुलावरून पलीकडे गेलं की पाजपंढरीकडे बराच वेळ डांबरी रस्ता, आणि सप्तमीला ओहोटीच सव्वाअकराला, म्हणून निघायला उशीर झालेला. ऊन डोक्यावर आलं. तो तुकडा त्यांनी रिक्षाने केला तर कुणाचं काही बिघडणार नाही.

माणशी 5,400 रुपये घेतले, दोन मुक्काम आणि सगळी जेवणं धरून. आमच्यात सगळ्यात मोठे गृहस्थ अडुसष्टचे होते, सगळ्यात लहान भाची, चोवीसची. रिक्षा तीन दिवसांत एकदाच बोलवावी लागली, आणि ती जाऊबाईंसाठी नव्हती.

हर्णैला पोचलो तेव्हा बंदरावर लिलाव सुरू व्हायचा होता. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या. जाऊबाई चपला हातात घेऊन गर्दीत शिरल्या आणि अर्ध्या तासाने सुरमई घेऊन आल्या. दापोलीच्या गाडीत त्यांनी मला विचारलं, "पुढच्या पौषात पंचमी कधी येते गं?"